चाचानं पास केलेलं मशीन

खोली भाड्यानं घ्यायला गेले तेव्हा चाचांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, एकटी बाई कशी काय राहणार हेही विचारलं नाही. त्याआधी नांदुऱ्यात जितकी घरं पाहिली तितक्या घरी याच तीन प्रश्नांची आरती झाली होती. चाचांनी फक्त रिक्षातून उतरवलेल्या माझ्या कॉम्प्युटरच्या काळ्या डब्याकडे बोट केलं.

"हे करंट किती ओढते?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"गरम होते?"

"होते ना."

"किती?"

"आता त्याले हात लावून कोन पाह्यते, चाचा!"

"मंग तू कायची मालकीन व?" असं म्हणून त्यांनी खिशातून चिमटा काढला. चिमटा म्हणजे वायरीला धरला की आतून जाणारा करंट सांगणारं यंत्र. लोक खिशात कंगवा ठेवतात, चाचा चिमटा ठेवत. मशीन तिथंच ओट्यावर चालू करायला लावलं, वायरीला चिमटा धरला, आकडा वाचला. मग डब्याच्या मागच्या जाळीपाशी तळहात धरून डोळे मिटले. वैद्यानं नाडी धरावी तसा सगळा थाट. शेवटी डोळे उघडून म्हणाले, "खोली तुयी." भाड्याचं बोलणं चाचीनं केलं. असल्या किरकोळ गोष्टींत चाचा पडत नसत.

चाचांचं कूलरचं दुकान होतं. पत्र्याचे कूलर स्वतः बनवायचे आणि जळालेल्या मोटरी बांधून द्यायचे, म्हणजे आतली जळकी तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. आमच्याकडे उन्हाळ्यात हा धंदा काय चालतो ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. एप्रिल लागला की सगळं गाव एकाच वेळी कूलर लावतं. मग लाईनीतलं व्होल्टेज पडतं, बल्ब कंदिलासारखे होतात, आणि मोटरी कण्हत कण्हत तापून जळतात. "व्होल्टेज कमी झालं का मोटर मेली." पाच वेळच्या नमाजाखालोखाल चाचांचा विश्वास या वाक्यावर होता. दुकानापुढे जळक्या मोटरींची रांगच लागायची, त्यामुळे वाक्य खोटं आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

माझं काम म्हणजे इमारत उभी राहायच्या आधी तिचा सिनेमा करणं. बिल्डर लोकांना गिऱ्हाइकाला दाखवायला लागतं ना, हे बघा तुमचं घर, ही झाडं, ही बाल्कनी, बाल्कनीत चहा पिणारी ही गोरीपान माणसं. ते सगळं मी कॉम्प्युटरवर उभं करते. उभं केलं की मशीन त्याचं एकेक चित्र तयार करत बसतं, आणि एका सेकंदाला अशी ढीगभर चित्रं लागतात. सगळा भार प्रोसेसरवर. प्रोसेसर दमदार असेल तर दिवसाचं काम, नसेल तर आठवड्याचं.

कंपनी पुण्याची. मी वर्षभर तिथं राहून पाहिलं. तोंडातून "मले" निघालं की मागच्या टेबलावर कुणीतरी खुसखुसायचं. त्याचं मला दुःख नाही, मी काही मुळूमुळू रडणारी नाही. पण दिवसभर तोंड सांभाळून बोलायचं म्हणजे फार बेजार होतं हो. शेवटी कंपनीच्या मॅडमना सांगितलं, काम तेच, माणूस तेच, फक्त खुर्ची नांदुऱ्यात. मॅडम हो म्हणाल्या, पण अट घातली. एक काम जरी उशिरा आलं तरी मुकाट्यानं पुण्याला परत, नाहीतर राजीनामा. राजीनामा म्हणजे धामणगाव बढ्याला भावाच्या घरी, आणि तिथं वहिनी माझ्यासाठी स्थळांचे फोटो मोबाइलमध्ये भरून बसलेलीच होती. म्हणजे माझं नांदुऱ्यातलं राहणं, माझी खोली, माझी किल्ली, सगळं त्या काळ्या डब्याच्या भरवशावर होतं.

आता चाचांच्या तत्त्वज्ञानाबद्दल सांगते. त्यांच्या हिशेबी जगात दोनच जाती, मोटर आणि हीटर. मोटर म्हणजे काम उचलणारी. तिच्यावरचं ओझं ठरलेलं. पुरेसं व्होल्टेज द्या, गुमान फिरेल. कमी द्या, तर तेच ओझं ओढायला जास्त करंट खाईल आणि जीव काढून जळेल. हीटर म्हणजे उचलायचं काही नाही, जेवढं द्याल तेवढं खाणार आणि नुसता गरम होणार. वस्तू तर वस्तू, माणसंही चाचा याच दोन खणांत टाकायचे. गल्लीतला नगरसेवक हीटर. शाळेतले गणिताचे मास्तर मोटर. स्वतःचा मोठा साला हीटर, त्यातही स्विच खराब झालेला.

"अन् मी?" मी एकदा विचारलं.

"तू मोटर हायेस. पन तुया कंडेन्सर वीक हाय. सकाळी सुरू व्हाले लय वेळ लागते."

"अन् चाची?"

चाचांनी स्वयंपाकघराकडे मान वळवून पाहिलं आणि आवाज उतरवला. "थे मेन लाईन हाय. तिले हात लावाचा नाही."

दुसरं त्यांचं वेड म्हणजे 'पास'. दुकानात तयार झालेला कूलर गिऱ्हाइकाच्या हाती असा पडत नसे. तो दिवसभर दुकानापुढे, भर उन्हात, चालू ठेवायचा. संध्याकाळी मोटरीला उलटा हात लावून पाहायचा आणि मग पत्र्यावर खडूनं लिहायचं, पास. त्या खडूला बाजारात नोटेची किंमत होती. "चाचानं पास केलं" म्हटलं की पुढे कुणी वाद घालत नसे. आणि नापास कूलर, मग गिऱ्हाईक दारात रडू दे नाहीतर भांडू दे, दुकानाबाहेर जात नसे. एका नवरदेवाच्या बापाला आंदणातला कूलर नेऊ दिला नाही, वरात ताटकळली. "पोरीच्या घरी मोटर जळाली तं नाव माह्यं निघन," म्हणाले आणि स्वतःच्या बैठकीतला कूलर उचलून त्यांच्या गाडीत टाकला.

स्वतःच्या जावयालाही त्यांनी असंच पास केलं. मुलगा मलकापूरचा, मुलगी पाहायला आला तोही मे महिन्यात. चाचांनी त्याला घरात नेलंच नाही. दुकानामागच्या टिनाच्या शेडमध्ये भर दुपारी समोर बसवला, एकच कूलर लावला आणि तोही त्याच्याकडे तोंड करून. आपण स्वतः घामाच्या धारांत बसून इकडतिकडचं बोलत राहिले. पोरगा थोडा वेळ बसला, मग बोलता बोलता उठला, कूलर ढकलून त्याचं तोंड चाचांकडे फिरवलं आणि परत येऊन बसला. चाचा तिथून ओरडले, "पास!" आत चाचीनं कपाळावर हात मारला. पोरीनं फोटो पाहून कधीचं हो म्हटलं होतं, त्याची या बापाला खबर नव्हती.

तर असा माणूस प्रोसेसरच्या नादी कसा लागला? रोहिणखेडचा एक लग्नाचे व्हिडिओ करणारा फोटोवाला आपलं मशीन धूळ उडवायला चाचांच्या दुकानी घेऊन यायचा, कारण तिथं हवेचा जोरदार फुंकारा होता. तो एकदा बोलून गेला की प्रोसेसरवर कंपनी जी चाल लिहून देते त्याच्यापेक्षा तो जास्त पळू शकतो, सेटिंगमध्ये जाऊन वाढवता येतं. झालं! चाचांच्या डोक्यात किडा शिरला.

"मतलब कंपनीनं घोड्याचे पाय बांधून इकला?" मला येऊन विचारू लागले.

"पाय बांधून नाही, चाचा. सगळे प्रोसेसर सारखे निघत नाहीत. सगळ्याइले झेपन अशी चाल लिहितात."

"म्हंजे सगळ्या गावाले एकाच मापाचा सदरा. अन् आपल्यावाल्याची छाती किती हाय हे पाह्याचं कोनं?" त्यांनी आपल्याच छातीवर थाप मारली. "आपन!"

त्यानंतर चाचांनी मोबाइलवर काय काय पाहिलं ते अल्ला जाणे, पण त्या विषयात ते मला मागे टाकून गेले. रीत तशी सोपी. सेटिंगमध्ये जाऊन चाल एक पायरी वाढवायची. मग चाचणीचा प्रोग्रॅम लावायचा, तो प्रोसेसरला नुसता रेड्यासारखा जुंपतो. पडद्यावर निळं आलं आणि मशीन बसलं, तर समजायचं की या चालीला मिळतं ते व्होल्टेज पुरत नाही. थोडं व्होल्टेज वाढवायचं, पुन्हा चाचणी. निळं आलं नाही तर अजून एक पायरी. चाचांना हे इतकं जवळचं वाटलं की बस! मशीन बसलं की म्हणायचे, "भूक लागली त्याले." आणि व्होल्टेज वाढवायचे. मोटरीचं तत्त्व, दुसरं काय! उपाशी ठेवाल तर जळेल, पोटभर द्याल तर पळेल.

रोहिणखेडच्या फोटोवाल्याचं मशीन पहिलं. मग मोताळ्याच्या बॅनर छापणाऱ्याचं, मग आमच्या धामणगावच्या ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्याचं. पैसे घेत नसत, फक्त चहा, आणि तोही स्वतःच्या पसंतीचा, गूळ घातलेला. प्रत्येक डब्यावर खडूनं पास. तालुक्यात नाव झालं. कूलरवाले चाचा कॉम्प्युटर पळवून देतात!

माझ्या मशीनला त्यांनी जानेवारीत हात घातला. मीच म्हटलं होतं, काम वाढलंय, जरा पळवून द्या. चाचा कानाला मफलर गुंडाळून माझ्या खोलीत बसले, खिडकी सताड उघडी, बाहेरून गार वारा, आणि माझे दात वाजताहेत. एकेक पायरी चढत गेले. निळं आलं की "भूक लागली," आणि एक घास अजून. पडद्यावर तापमानाचा आकडा नव्वदीच्या खाली होता. शंभराला प्रोसेसर आपणहून चाल कमी करतो, म्हणजे अजून जागा होती. दिवसभर चाचणी चालली, एकदाही बसलं नाही. मग खडू निघाला. ज्या सिनेमाला आधी दोन दिवस लागायचे तो आता पुष्कळ आधी व्हायचा. मॅडमनी पहिल्यांदा कामाचं कौतुक केलं, आणि मग मोठमोठी कामं माझ्याकडे यायला लागली.

मे महिन्यात मॅडमचा फोन आला. पुण्यातल्या एका मोठ्या बिल्डरचं काम, सोमवारी सकाळी त्यांच्यापुढे दाखवायचं. शनिवार-रविवारात सगळी चित्रं निघतील का? "तुझं मशीन खात्रीचं आहे ना? नाहीतर आत्ताच सांग, इथे करून घेते." मी म्हटलं, "खात्रीचं आहे मॅडम." कशाच्या जोरावर म्हटलं? खडूच्या.

शनिवारी सकाळी काम लावलं. ऊन वर आलं तशी खोली भट्टी झाली. दुपारच्या आत पडदा निळा पडला. पुन्हा चालू केलं, थोडी चित्रं निघाली, पुन्हा निळा. आकडा शंभराला चिकटून बसलेला. मी तशीच अनवाणी खाली धावले. मेमधला शनिवार म्हणजे चाचांच्या दुकानी मुंग्यांसारखी माणसं. मी फक्त एवढंच म्हटलं, "चाचा, मशीन बसलं." हातातला पान्हा तिथंच ठेवून ते वर आले.

पाहिलं आणि नेहमीचंच निदान केलं. "भूक लागली त्याले." व्होल्टेज अजून वाढवलं. मशीन आधीपेक्षा लवकर बसलं.

"हवा कमी पडून राह्यली." खालून सगळ्यात मोठा कूलर वर चढवला. त्यात नळाचं पाणी भरलं, कारण आमच्या खारपाण पट्ट्यातलं बोअरचं पाणी ते कूलरला शिवू देत नसत, मीठ धरतं. पत्रा वाकवून कूलरच्या तोंडापासून डब्यापर्यंत नळकांडं केलं. पाण्यात बर्फाच्या लाद्या सोडल्या. खोलीत काश्मीर झालं, मला शिंका यायला लागल्या. आकडा थोडा उतरला, मग हळूहळू चढत परत जिथल्या तिथं. निळा पडदा.

मी मघापासून मोबाइलवर वाचत होते. जे वाचलं ते सांगायची हिंमत होत नव्हती, पण सोमवार डोळ्यांपुढे नाचत होता. म्हटलं, "चाचा, व्होल्टेज कमी करून पाहू."

चाचा हळूच वळले. "काय म्हटलं?"

"कमी. चाल बी जराशी कमी, अन् व्होल्टेज त्याच्याहून कमी."

"जाळतं का मशीन? उमर गेली माही मोटरी बांधन्यात! व्होल्टेज कमी झाल्यानं जळालेल्या मोटरी रोज पाह्यतं ना दारात? का डोये फुटले तुये?" गळ्याच्या शिरा फुगल्या. "माह्या पास केलेल्या मशीनले तू नापास करून राह्यली? मी चाललो. कर तुले जे कराचं थे!"

ते दारापर्यंत गेले. मलाही राग चढला मग. माझी नोकरी जातेय आणि या म्हाताऱ्याला आपल्या खडूची पडलीय!

"जा!" मी ओरडले. "पन एक सांगून जा. मोटर कायले जास्त करंट ओढते?"

"ओझं उचलाचं असते तिले."

"अन् हा प्रोसेसर काय उचलते? विहिरीतलं पानी उचलते का पंखा फिरवते?"

चाचा थांबले. पाठ माझ्याकडेच होती.

"काहीच उचलत नाही तो. हिशेब करते. जेवढं देल्लं तेवढं खाते अन् तापते. तुमीच सांगा आता, मोटर हाय का हीटर?"

चाचा परत आले, डब्यापुढे उकिडवे बसले, आणि जाळीपाशी तळहात धरून डोळे मिटले. मग त्यांच्या तोंडून शिवी निघाली, अगदी ठेवणीतली, आणि ती त्यांनी स्वतःलाच दिली होती.

"हीटर हाय बे हा. अन् मी याले जानेवारीपासून खाऊ घालून राह्यलो." अंगठा जिभेला लावून त्यांनी डब्यावरचं पास पुसून टाकलं. "चाल व, व्होल्टेज उतरव."

मग आम्ही उतरवायला लागलो. चाल दोन पायऱ्या खाली, व्होल्टेज घासाघासानं कमी. प्रत्येक वेळी चाचणी. आकडा पंच्याण्णव, नव्वद, ब्याऐंशी. चाचा प्रत्येक आकड्याला "अबे!" म्हणत होते, आपलं पोर पहिल्यांदा चालताना पाहावं तसे. एकदा फारच खाली गेलो, तेव्हा पडदा निळा झाला. "पाह्य! पाह्य! उपाशी मेला!" असं ओरडताना त्यांना कोण आनंद झाला! तेवढीच त्यांची बाजू खरी निघाली. म्हटलं, बरोबर आहे, तळ सापडला. त्या तळाच्या बोटभर वर ठेवलं. मशीन चालायला लागलं आणि चालतच राहिलं. गंमत म्हणजे चित्रं सकाळपेक्षा भराभर निघत होती. सकाळी ते पळायचं, तापायचं, बसायचं. आता न थांबता चालत होतं.

रविवारचा सगळा दिवस चाचा माझ्या खोलीतच होते. चाचीनं खालून ज्वारीची भाकर आणि ठेचा पाठवला. दुकान कोण पाहतंय विचारलं तर म्हणाले, "चाची हाय. गिऱ्हाइकाइले चांगली झोडपते." दिवेलागणीच्या आधी शेवटचं चित्र निघालं. सगळं जोडून पुण्याला पाठवलं आणि मोबाइल हातात धरून बसले. मॅडमचं उत्तर आलं. मिळालं, छान झालंय. मी टुणकन उडी मारली आणि सरळ रडायला लागले, लाजबीज काही नाही. नांदुऱ्यात राहिले! माझी खोली माझी राहिली!

"चाचा, नोकरी वाचली!"

चाचा हसले नाहीत. भिंतीला टेकून बसले होते. "तू पुन्याले हो म्हटलं थे माह्या पासवर म्हटलं ना?"

"जाऊ द्या ना आता."

"नोकरी गेली असती तं?"

"नाही गेली ना, चाचा."

"गेली असती तं?" त्यांनी पुन्हा विचारलं. उत्तर त्यांना नकोच होतं. उठून खाली गेले.

सोमवारी सकाळी खालून हाक आली. चाचा मोपेडवर बसलेले, डोक्याला ओला पंचा, दुकानाचं शटर खाली. चाची ओट्यावर उभी होती, तोंडाला पदर लावून. "निकाहच्या दिवशी बी उघडं ठेवलं होतं व यानं दुकान," मला म्हणाली. "आज मेच्या महिन्यात बंद!"

"बस," चाचा मला म्हणाले. "मले अजून तीन हीटर थंडे कराचे हायेत."

मोताळ्याला बॅनरवाल्याच्या दुकानी चार गिऱ्हाइकं उभी होती. चाचांनी त्यांच्यादेखतच सांगितलं, "माह्यं चुकलं, तुया मशीनले मी जास्त व्होल्टेज देल्लं, कमी कराले आलो." बॅनरवाला म्हणजे फाटक्या तोंडाचा. "आयकलं का हो? चाचा नापास!" असं म्हणून टाळी मागायला लागला. गिऱ्हाइकं हसली. मला असा संताप आला की त्याचं शाईचं डबडं उचलून त्याच्या डोक्यात घालावं. चाचा शांत उभे होते. त्याचं हसून झालं तेव्हा म्हणाले, "बराबर हाय तुयं. आता सरक, मले बसू दे." धामणगावला फॉर्मवाल्यानं आधी चहा पाजला आणि मग मशीन दिलं. तिथंही तेच वाक्य, तसंच्या तसं, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. वाटेत मी म्हटलं, चाचा, एवढी फोड करून कायले सांगता, सेटिंग बदललं म्हणावं नि निघावं. ते मोपेड चालवता चालवता म्हणाले, "पास सगळ्याइपुढे देल्ला होता व."

रोहिणखेडला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. फोटोवाला दोन लग्नांच्या कामात मान वर करायला तयार नव्हता. चाचांचं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"चाचा, काऊन कटकट करता? मस्त चालून राह्यलं. तुमीच पास केलं, तुमीच हात लावता. मले एक दिवसाचीबी सवड नाही. जळालं तं जळालं, तुमाले बोलाले येनार नाही, बस?"

"तू येनार नाहीस, मले मालूम हाय," चाचा म्हणाले. घामानं सदरा अंगाला चिकटला होता, आणि या माणसाचा आवाज परक्यापुढे हळू झालेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. "म्हनून तं चालू हाय तवाच आलो. जळाल्यावर माफी मागाले कोनीबी येते बे."

फोटोवाल्यानं चालू असलेलं काम जपून ठेवलं, खुर्चीवरून उठला आणि पंख्याचं तोंड चाचांकडे केलं. मी मशीन बंद केलं.